परतीचा पत्ता : फंक्शन कॉलचा माग काढणाऱ्या साधनांचा इतिहास

प्रयोगशाळेत आपण जे प्रोग्रॅम लिहितो ते शंभर-दोनशे ओळींचे असतात. त्यातले प्रत्येक फंक्शन आपण स्वतः लिहिलेले असते, त्यामुळे कोणते फंक्शन कोणाला कॉल करते हे वेगळे शोधावे लागत नाही. नोकरीत किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात दुसऱ्यांनी लिहिलेला हजारो-लाखो ओळींचा सोर्स कोड हातात येतो, आणि मग दोन प्रश्न सतत समोर उभे राहतात. या फंक्शनला कोण कॉल करते? आणि हे फंक्शन पुढे कोणाला कॉल करते?

या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने आज कोणत्याही एडिटरमध्ये मिळतात. उजवे बटण दाबले की यादी समोर येते. पण ही यादी कुठून आली, ती कितपत खरी आहे, आणि ती मिळवताना प्रोग्रॅमवर काय परिणाम झाला, हे माहीत नसेल तर त्याच यादीमुळे दिवसेंदिवस चुकीच्या जागी शोध घेत बसण्याची वेळ येते. म्हणून या पाठात आपण या साधनांचा इतिहास पाहू. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटेल, ती म्हणजे फंक्शनचा ‘परतीचा पत्ता’. काम संपल्यावर कुठे परत जायचे हे प्रत्येक फंक्शनला कुणीतरी सांगावे लागते, आणि जिथे परत जायचे तिथूनच कॉल आलेला असतो. कॉलचा माग काढणाऱ्या बहुतेक साधनांचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

१. केंब्रिज, १९४९ ते १९५१

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे यांसारखी कामे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पुन्हा लिहायला लागू नयेत म्हणून तिथे सबरूटीनचा संग्रह तयार करण्यात आला. सबरूटीन म्हणजे आजच्या फंक्शनचा पूर्वज.

अडचण अशी की एडसॅकमध्ये ‘कॉल’ नावाची आज्ञाच नव्हती आणि स्टॅकही नव्हता. सबरूटीनकडे उडी मारता येत होती, पण परत कुठे यायचे? डेव्हिड व्हीलर यांनी यावर युक्ती काढली. मुख्य प्रोग्रॅमने उडी मारण्यापूर्वी आपली जागा अक्युम्युलेटरमध्ये ठेवायची. सबरूटीनने सुरुवातीलाच त्यावरून परतीची आज्ञा तयार करायची आणि ती स्वतःच्या शेवटी लिहून ठेवायची. ही युक्ती ‘व्हीलर जंप’ या नावाने ओळखली जाते. यात परतीच्या पत्त्यासाठी जागा एकच असे. सबरूटीनने स्वतःलाच पुन्हा कॉल केले तर दुसरा पत्ता पहिल्यावर लिहिला जाई आणि पहिला नाहीसा होई. म्हणजे रिकर्शन शक्य नव्हते. पुढे स्टॅक वापरून हा प्रश्न सुटला. एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा १९६० मधील रिकर्सिव्ह प्रोग्रॅमिंगवरील निबंध या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. स्टॅकमुळे आणखी एक फायदा झाला. कोणत्याही क्षणी अजून पूर्ण न झालेल्या सर्व कॉल्सचे परतीचे पत्ते ओळीने मेमरीत असतात. डीबगरमध्ये तुम्ही ‘बॅकट्रेस’ मागता तेव्हा तो हीच ओळ वाचून दाखवतो.

एडसॅकवरच दुसरी गोष्ट लक्षात आली : प्रोग्रॅममध्ये चुका असतात, आणि त्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त असतात. त्या काळातली एक कागदी फीत पुढे संशोधकांनी तपासली, तेव्हा १२६ ओळींच्या प्रोग्रॅममध्ये सुमारे २० चुका सापडल्या. चूक शोधण्याचा तेव्हाचा मार्ग म्हणजे यंत्र एकेक आज्ञा पुढे सरकवायचे आणि पडद्यावरचे ठिपके वाचायचे. यात यंत्राचा मौल्यवान वेळ जाई. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मधील निबंधात वेगळा उपाय मांडला. एक तपासणी करणारे सबरूटीन मूळ प्रोग्रॅमची प्रत्येक आज्ञा स्वतः वाचून पार पाडेल आणि त्या आज्ञेचे अक्षर छापत जाईल. छापलेला कागद घरी नेऊन प्रोग्रॅम कोणत्या वाटेने गेला हे शांतपणे पाहता येई.

आपण आज ज्याला ट्रेस म्हणतो तो हाच. त्याची किंमतही तेव्हाच दिसली. यंत्र सेकंदाला सुमारे ६०० आज्ञा पार पाडत असे, पण टेलिप्रिंटर सेकंदाला जेमतेम सहा-सात अक्षरे छापत असे. प्रत्येक पाऊल नोंदवायचे म्हटले तर प्रोग्रॅम कित्येक पटींनी रेंगाळणार. काय नोंदवायचे आणि काय सोडायचे हा प्रश्न त्या दिवसापासून या साधनांच्या मागे लागला तो आजतागायत.

२. कोड न चालवता विचारणे

प्रोग्रॅम चालवणे महाग असेल, तर नुसता वाचून उत्तर काढता येईल का? १९७० च्या दशकात इंटरलिस्प या प्रणालीत लॅरी मॅसिंटर यांचे मास्टरस्कोप हे साधन होते. ते प्रोग्रॅमचा मजकूर वाचून कोण कोणाला कॉल करते याची माहिती साठवी, आणि ‘अमुक फंक्शनला कोण कॉल करते’ असा प्रश्न जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यात विचारता येई.

सी भाषेसाठी असे साधन बेल प्रयोगशाळेत तयार झाले. जो स्टेफन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पीडीपी-११ या संगणकावर सीस्कोप लिहिले. ते सगळ्या सोर्स फाइल्स एकदा वाचून एक सूची तयार करते. मग पडद्यावर प्रश्नांची यादी येते : हे नाव कुठे कुठे वापरले आहे, त्याची व्याख्या कुठे आहे, हे फंक्शन कोणाला कॉल करते, याला कोण कॉल करते. नाव टाईप केले की ओळी समोर येतात आणि तिथूनच एडिटर उघडतो. एप्रिल २००० मध्ये सीस्कोपचा सोर्स कोड बीएसडी परवान्याखाली खुला झाला, आणि आजही ते लिनक्सवर काही सेकंदांत बसवता येते.

सीस्कोपचा मोठा गुण असा की कोड कंपाइल होत नसला तरी ते काम करते. ते कंपायलरइतके काटेकोर वाचत नाही, अंदाजाने फंक्शन ओळखते. त्याची मर्यादाही इथेच आहे. लिनक्स कर्नलमध्ये फाइल वाचण्याची विनंती आली की एका सर्वसाधारण फंक्शनमधून त्या फाइल सिस्टीमच्या वाचणाऱ्या फंक्शनला कॉल जातो. पण हा कॉल नावाने होत नाही. एका स्ट्रक्चरमध्ये ठेवलेल्या फंक्शन पॉइंटरमार्फत होतो. त्या पॉइंटरमध्ये कोणते फंक्शन आहे हे प्रोग्रॅम चालू असतानाच ठरते. सीस्कोपला ‘या फंक्शनला कोण कॉल करते’ असे विचारले तर अशा वेळी यादी रिकामी येऊ शकते.

ही रिकामी यादी पाहून एखादा नवशिका ‘हे फंक्शन कुणीच वापरत नाही’ असे समजून ते काढून टाकतो. मजकूर वाचणारे साधन सांगते ते इतकेच : या नावाने लिहिलेला कॉल मला सापडला किंवा सापडला नाही. प्रत्यक्षात कॉल झाला का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हवे असेल तर प्रोग्रॅम चालवावाच लागतो.

३. वेळ कोणाच्या खात्यावर?

१९७१ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी फोरट्रान प्रोग्रॅम्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की सामान्यतः प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ जातो. तो भाग कोणता हे लिहिणाऱ्यालाही बहुधा अंदाजाने सांगता येत नाही, मोजावे लागते.

युनिक्सवर यासाठी प्रोफ हे साधन होते. त्याची पद्धत दुहेरी होती. एक, ठरावीक अंतराने घड्याळाचा ठोका पडला की प्रोग्रॅम त्या क्षणी कुठे आहे याची नोंद होई. दोन, विशेष पर्याय देऊन कंपाइल केले की कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला ‘एमकाउंट’ नावाच्या छोट्या रूटीनला कॉल घाली, आणि ते कॉल्सची संख्या मोजी. शेवटी प्रत्येक फंक्शनसमोर वेळ आणि कॉल्सचा आकडा मिळे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्युझिक यांना ही यादी अपुरी वाटू लागली. प्रोग्रॅम चांगल्या पद्धतीने, लहान लहान फंक्शन्समध्ये विभागून लिहिला की वेळ सगळीकडे पातळ पसरतो. यादीच्या वरच्या ओळीत एखादे नाव शोधणारे फंक्शन येते, पण ते इतके वेळा कोण बोलावते आहे हे कळत नाही. १९८२ मध्ये त्यांनी जीप्रोफ हे साधन मांडले.

त्यांनी एमकाउंटच्या कामात एक भर घातली. एमकाउंट कॉल होताच दोन परतीचे पत्ते पाहते. ते स्वतः जिथे परतणार आहे तो पत्ता सांगतो की आत्ता कोणते फंक्शन सुरू झाले. ते फंक्शन जिथे परतणार आहे तो पत्ता सांगतो की त्याला कोणी बोलावले. या दोन पत्त्यांची जोडी म्हणजे कॉल ग्राफमधला एक बाण. असे बाण मोजत गेले की प्रोग्रॅम संपल्यावर संपूर्ण आकृती हातात येते, आणि खालच्या फंक्शनचा वेळ वरच्या फंक्शन्सच्या खात्यावर टाकता येतो. फंक्शन पॉइंटरमुळे सीस्कोपच्या नजरेतून निसटलेला कॉलही इथे सापडतो, कारण पॉइंटरमार्फत गेलेल्या कॉललाही परतीचा पत्ता असतोच.

मॅक्युझिक आणि माइक कॅरल्स यांनी बर्कली युनिक्सच्या कर्नलचा वेग तपासताना जीप्रोफ वापरले. फाइलच्या नावावरून फाइल शोधण्याच्या कामातच कर्नलचा मोठा वेळ जातो असे दिसून आले. मग अलीकडे शोधलेली नावे जपून ठेवणारा कॅश घालण्यात आला, आणि तो १९८६ च्या ४.३ बीएसडी आवृत्तीत आला.

पण जीप्रोफचे आकडेही डोळे झाकून घेण्यासारखे नाहीत. एक उदाहरण घ्या. गुणांची क्रमवारी लावणारे एक फंक्शन आहे. ‘रोजची नोंद’ त्याला ९९ वेळा बोलावते, प्रत्येक वेळी १० नावे देऊन. ‘वार्षिक निकाल’ त्याला एकदाच बोलावते, पण १ लाख नावे देऊन. जवळजवळ सगळा वेळ निकालात गेला हे उघड आहे. जीप्रोफ मात्र ९९ टक्के वेळ ‘रोजची नोंद’च्या नावावर टाकेल. कारण क्रमवारीच्या फंक्शनमध्ये एकूण किती वेळ गेला हे त्याने मोजलेले असते, आणि कोणी किती वेळा कॉल केला हेही मोजलेले असते. पण कोणत्या कॉलला किती वेळ लागला हे मोजलेले नसते. प्रत्येक कॉलला सारखाच वेळ लागतो असे धरून ते वाटणी करते. लेखकांनी हे गृहीतक आपल्या निबंधातच मांडले आहे. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतात, म्हणून ते सगळे मोजलेलेच आहेत असे वाटते. मोजलेले किती आणि धरून चाललेले किती, हे आपण विचारायचे असते.

४. पाहणाऱ्यानेच केलेले नुकसान

लिनक्स कर्नलमध्ये हेच एमकाउंट पुन्हा कामाला आले. २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत स्टीव्हन रॉस्टेड यांचे एफट्रेस हे साधन दाखल झाले. चालत्या कर्नलमध्ये कोणते फंक्शन कोणी बोलावले हे त्यातून ओळीने पाहता येते.

इथे गिल यांच्या वेळचाच प्रश्न पुन्हा आला. कर्नलमध्ये हजारो फंक्शन्स आहेत आणि ती सतत चालू असतात. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक जादा कॉल ठेवला तर कुणी ट्रेस पाहत नसतानाही संपूर्ण यंत्र मंदावते. त्यावर उपाय असा होता : ट्रेस बंद असताना त्या कॉलच्या जागी काहीच न करणारी ‘नॉप’ आज्ञा लिहायची, आणि ट्रेस हवा असेल तेव्हा तिथे पुन्हा कॉल लिहायचा. म्हणजे चालत्या कर्नलने स्वतःच्याच आज्ञा बदलायच्या. सबरूटीनने स्वतःच्या शेवटी आज्ञा लिहिण्याची व्हीलर यांची युक्ती आठवते ना?

पहिल्या रचनेत एखाद्या फंक्शनमधून एमकाउंट प्रथमच कॉल झाले की ती जागा नोंदवली जाई. मग दर सेकंदाला जागे होणारे एक वेगळे काम नोंदवलेल्या जागांवर जाऊन नॉप लिहीत असे.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये या आवृत्तीची चाचणी करणाऱ्या काही जणांच्या संगणकांतील इंटेलचे नेटवर्क कार्ड बंद पडू लागले. जुना कर्नल घातला तरी ते चालू होईना, कारण कार्डाच्या स्वतःच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच खराब झाला होता. संशय साहजिकच ‘ई१०००ई’ या नेटवर्क ड्रायव्हरवर गेला. काही लिनक्स वितरणांनी आपल्या चाचणी आवृत्त्यांत तो ड्रायव्हरच बंद ठेवला.

ऑक्टोबरमध्ये खरे कारण सापडले. मॉड्यूलमधील काही फंक्शन्स सुरुवातीला एकदाच चालतात, आणि मग त्यांची मेमरी मोकळी केली जाते. पण त्यांचा पत्ता एफट्रेसच्या यादीत तसाच राहत होता. मोकळा झालेला तोच पत्ता पुढे नेटवर्क कार्डाच्या मेमरीला दिला जाई. एफट्रेस जुन्या पत्त्यावर नॉप लिहायला जाई, तेव्हा ते आधी तुलना करी : इथे अपेक्षित आज्ञा आहे का? नसेल तर काही बदलायचे नाही. कागदावर हे सुरक्षित होते. पण तुलना आणि बदल एकत्र करणारी एक्स८६ प्रोसेसरची ती आज्ञा तुलना फसली तरी मेमरीवर लेखन करते. जुनीच किंमत पुन्हा लिहिते. साध्या मेमरीत याने काहीच बिघडत नाही. कार्डाच्या मेमरीत मात्र लेखन म्हणजे हुकूम. तिथला मजकूर बिघडला. ज्या साधनाचा नेटवर्कशी कसलाही संबंध नव्हता, जे फक्त पाहण्यासाठी ठेवले होते, त्याने हार्डवेअर निकामी केले होते.

२.६.२७.१ या दुरुस्तीत चालत्या कोडमध्ये बदल करण्याची ही सोय बंद ठेवण्यात आली. २.६.२८ मध्ये रचनाच बदलली. एमकाउंटच्या सर्व जागांची यादी आता कंपाइल करतानाच तयार होऊ लागली. मॉड्यूलच्या बाबतीत त्याचा कोड चालण्यापूर्वीच, ते लोड होत असताना, नॉप लिहिले जाऊ लागले. शिवाय लिहिण्यापूर्वी तिथे काय आहे ते वाचून पाहायचे, आणि अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले तर इशारा देऊन एफट्रेसने स्वतःलाच बंद करून घ्यायचे, असा नियम झाला. ड्रायव्हरनेही कार्डाची मेमरी लेखनासाठी कुलूपबंद ठेवायला सुरुवात केली.

५. मागापासून दुरुस्तीपर्यंत

यानंतर एफट्रेस अधिक विश्वासाचे झाले. फंक्शन कधी संपले हे कळावे म्हणून त्यात पुढे ‘फंक्शन ग्राफ’ हा प्रकार आला. त्यात स्टॅकवरचा खरा परतीचा पत्ता बाजूला ठेवून तिथे ट्रेसरचा पत्ता लिहितात. फंक्शन संपले की ते आधी ट्रेसरकडे येते, वेळ नोंदवली जाते, आणि मग मूळ ठिकाणी परत जाते. जीप्रोफमध्ये धरून चाललेली गोष्ट, म्हणजे प्रत्येक कॉलचा स्वतंत्र वेळ, इथे खरोखर मोजली जाते. त्यासाठी प्रत्येक कॉलमागे जादा काम करावे लागते, हे ओघाने आलेच.

२०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये लाइव्ह पॅचिंग आले. सुरक्षेतील दोष असलेल्या फंक्शनच्या सुरुवातीची तीच नॉपची जागा वापरून कॉल नव्या, दुरुस्त फंक्शनकडे वळवला जातो, आणि यंत्र बंद न करता दुरुस्ती होते. मोजण्यासाठी ठेवलेली जागा आता मार्ग बदलण्यासाठीही उपयोगी पडते.

या सगळ्यातून आपण घ्यायचे ते असे. अनोळखी कोड वाचताना सुरुवात सीस्कोपसारख्या साधनाने करा, कारण ते न चाललेल्या वाटाही दाखवते. त्याच्या रिकाम्या यादीवर विसंबून काहीही पुसू नका. मग प्रोग्रॅम चालवून ट्रेस घ्या, कारण तो पॉइंटरमागचे खरे कॉल दाखवतो. पण तुम्ही दिलेल्या इनपुटवर जी वाट चालली तेवढीच त्यात दिसते, हे विसरू नका. आणि कोणताही आकडा वाचताना तो मोजलेला आहे की वाटून दिलेला, तसेच मोजण्यासाठी प्रोग्रॅममध्ये काय घालावे लागले, हे विचारा.

सरावासाठी

१. क्रमवारीचे वर दिलेले उदाहरण सी भाषेत लिहा. क्रमवारीसाठी बबल सॉर्ट वापरा आणि निकालाच्या यादीत २० हजार नावे घ्या. जीसीसीला ‘पीजी’ हा पर्याय देऊन, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा आणि जीप्रोफचा अहवाल पाहा. वेळ कोणाच्या खात्यावर आला?

२. त्याच प्रोग्रॅममध्ये क्रमवारीचे फंक्शन पॉइंटरमार्फत कॉल करा. आता सीस्कोप काय सांगते आणि जीप्रोफ काय सांगते, याची तुलना करा.

३. व्हीलर जंपमध्ये रिकर्शन का शक्य नव्हते? फॅक्टोरियलचे उदाहरण घेऊन प्रत्येक कॉलनंतर परतीच्या आज्ञेत काय लिहिलेले असेल ते कागदावर मांडा.